वेगळ्या चुली

घर मोठें झालें कीं चुली वेगळ्या होतात. भाऊ भांडले म्हणूनच असें घडतें असें नाहीं. एकाच चुलीवर चाळीस माणसांचा स्वयंपाक वेळेवर निघत नाहीं, हेंहि कारण असतें. सॉफ्टवेअरच्या जगांत गेल्या १०-१५ वर्षांत नेमकें हेंच घडलें आहे. पूर्वी एखाद्या कंपनीचा सारा कारभार, म्हणजे ग्राहकांची नोंद, मालाचा हिशेब, पैशांची वसुली, एकाच अवाढव्य प्रोग्रॅमांत चाले. आतां त्याचे लहान लहान स्वतंत्र प्रोग्रॅम करून प्रत्येकाकडे आपापलें काम व आपापला डेटाबेस सोंपविला जातो, आणि ते नेटवर्कवरून एकमेकांना निरोप धाडून व्यवहार उरकतात. या पद्धतीस मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखानें हें नांव सर्वतोमुखीं झालें.

या वाटणीचें गाजलेलें उदाहरण नेटफ्लिक्सचें. ऑगस्ट २००८ मध्यें या अमेरिकन कंपनीचा डेटाबेस बिघडला व तीन दिवस सभासदांना डीव्हीडी पाठवितां आल्या नाहींत. एका ठिकाणच्या दोषानें सारा व्यवहार थांबतो, हें ध्यानीं येतांच कंपनीनें आपला पसारा क्लाउडवर नेला आणि त्याच्या शेंकडों सेवा केल्या. तें काम जानेवारी २०१६ मध्यें पुरें झालें. सुमारें सात वर्षें लागलीं. पुढें ज्यांनीं तिचें अनुकरण केलें, त्यांपैकीं पुष्कळांनीं तुकडे तेवढे पाहिले, वर्षें मोजलीं नाहींत.

वास्तविक ही वाटणी प्रोग्रॅमची जितकी, त्याहून अधिक माणसांची असते. कोणतीहि संस्था जी रचना करते तिच्यांत त्या संस्थेच्या आपसांतील दळणवळणाचेंच रूप उमटतें, असें मेल्व्हिन कॉनवे यांनीं १९६८ सालींच 'डेटामेशन' मासिकांत लिहून ठेवलें आहे. (तो लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूनें आधीं साभार परत केला होता!) अॅमेझॉनमध्यें दोन पिझ्झांत पोट भरेल एवढीच तुकडी असावी असा दंडक प्रसिद्ध आहे. अशा तुकडीकडे सेवेची बांधणी असते, आणि मध्यरात्रीं ती बंद पडल्यास उठून दुरुस्त करणेंहि असतें. तेथें सकाळीं केलेला बदल दुपारीं ग्राहकापर्यंत पोंचूं शकतो. पण प्रोग्रॅम फोडला आणि अधिकार मात्र पूर्वीच्याच एका टेबलावर राहिला, तर जुनी दिरंगाई जात नाहीं व नवा गुंता तेवढा पदरीं पडतो.

गुंता किती, याचा हिशेब सोपा आहे. एक सेवा शंभरांत ९९·९ भाग वेळ चालू राहते असें धरलें, तर महिन्यांत ती सुमारें ४३ मिनिटें बंद असते. एका मागणीला अशा १० सेवांच्या दारीं जावें लागलें आणि प्रत्येकीचा बिघाड स्वतंत्र असला, तर तीच खोटी सुमारें ७ तासांवर जाते.

सेगमेंट या अमेरिकन कंपनीची हकीगत या दृष्टीनें मोठी बोलकी आहे. संकेतस्थळांवरील माहिती गोळा करून ती निरनिराळ्या सेवांना पोंचती करावयाची, हा तिचा धंदा. एका ठिकाणीं माहिती तुंबली कीं सारी रांग अडे. म्हणून प्रत्येक ठिकाणासाठीं स्वतंत्र रांग व स्वतंत्र सेवा केली. विचार रास्तच होता. परंतु ठिकाणें वाढत गेलीं आणि सेवा १४० च्या वर गेल्या. सर्वांना सामाईक असलेल्या भागांत सुधारणा करावी, तर ती १४० ठिकाणीं तपासून बसवावी लागे. तितका वेळ कोणाला? मग कोणी जुनी आवृत्ति वापरी, कोणी नवी. अखेर तीन इंजिनियरांचा बहुतेक वेळ हा डोलारा जिवंत ठेवण्यांतच जाऊं लागला. रात्रींअपरात्रीं त्यांना उठविलें जाई तें निराळेंच.

तेव्हां त्यांनीं चुली पुन्हां एक केल्या. २०१६ या सबंध वर्षांत सामाईक भागांत ३२ सुधारणा झाल्या होत्या. २०१८ मध्यें जुलैपर्यंतच त्या ४६ झाल्या. एकत्र आल्याचा तोटाहि कंपनीनें लपविला नाहीं. एका ठिकाणच्या चुकीनें आतां सर्वच ठिकाणांचें काम बंद पडूं शकतें, हें तिनें त्याच वर्षीं उघडपणें लिहिलें, आणि तो धोका पत्करूनहि ती एकत्रच राहिली.