दगड झालेल्या शेणाची साक्ष



जीवाश्म म्हणजे काय, या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर आपले विद्यार्थी चटकन देतात. परंतु त्यावरून शास्त्रज्ञांस कळते तरी काय, असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. अशा वेळी चंद्रपूर जिल्ह्यातील एक उदाहरण सांगावे.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावाच्या परिसरात डायनोसॉरांची हाडे सापडतात, आणि त्यांबरोबर दगड झालेली विष्ठाही. हाडांवरून प्राण्याची अंगलट कळते. त्याच्या पोटात काय गेले, हे मात्र विष्ठाच सांगते. (शेणाचे नाव काढताच मुले हसतील. हसू द्यावे, धडा ध्यानात राहील.)

गवताच्या पात्याने बोट कापते, हे प्रत्येक गुराख्यास ठाऊक असते. त्या पात्यात सिलिकेचे, म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्याचे, अतिसूक्ष्म कण असतात. पान पचून जाते, कण उरतात. आणि त्यांच्या घडणीवरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेतील असे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत निरनिराळ्या गवतांचे कण निघाले. काही तर भात व बांबू यांच्या कुळांशी नाते सांगणारे! गवते डायनोसॉरांच्या अस्तानंतरची, हा तोवरचा समज. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने गवतांचा इतिहास साडेसहा कोटी वर्षांहून मागे नेला.

मात्र डायनोसॉर गवतावरच जगत, असे वर्गात सांगू नये. विष्ठेत ताडवर्गीय व सूचिपर्णी वृक्षांचेही अवशेष होते. शिवाय ती टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी प्राण्यांची असावी, हे अनुमान आहे; त्यांची हाडे त्याच थरांत मिळतात, हा त्याचा एक मोठा आधार. प्रत्यक्ष दिसले काय आणि त्यावरून ताडले काय, हा भेद मुलांस येथे उत्तम शिकविता येईल.

यावरूनच एक व्यवहाराची गोष्ट. शाळेच्या कपाटात ठेवण्यासाठी असा दगड उचलून आणण्याचा मोह होतो. पण थरातून सुटला की त्याची निम्मी साक्ष गेली. कोणास काही आढळल्यास ते जागीच ठेवावे, छायाचित्र घ्यावे, शिवार व खोली टिपून ठेवावी, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास लेखी कळवावे.