दुसरा सुरुंगशोधक निवडताना

(अभियांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आजचा विषय वरकरणी लहान वाटेल. एखाद्या पथकाजवळ एक चांगले धातुशोधक यंत्र आहे आणि आणखी एक घेण्यापुरता निधी उपलब्ध झाला आहे. हे दुसरे यंत्र कोणते असावे, एवढाच प्रश्न आहे. रेल्वे स्थानकाच्या दारातील चौकटीतून आपण सारेच जातो. चौकट वाजली की शिपाई हातातले छोटे यंत्र अंगावरून फिरवतो. तेथेही दोन यंत्रे आहेत. चौकट ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगते. ते नेमके कोठे आहे, हे हातातले यंत्र सांगते. एक दुसऱ्याची उणीव भरून काढते. मात्र तेथे खोट्या इशाऱ्याने फार तर रांग खोळंबते. सुरुंग पुरलेल्या शेतात गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. म्हणून आज मी या शेताविषयी बोलणार आहे.

आपल्या देशाला हा प्रश्न परका नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर पश्चिम सीमेवर सैन्याची मोठी जमवाजमव झाली. ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळात पंजाब, राजस्थान आणि जम्मू भागातील सीमेलगतच्या शेतजमिनींतही सुरुंग पेरण्यात आले. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाल्यानंतर ते काढण्याचे दीर्घ आणि जोखमीचे काम पुढे राहिले. सुरुंग पेरताना नोंदी ठेवल्या जातात. पण वाळू सरकते, पावसाचे पाणी माती वाहून नेते आणि कागदावरची जागा प्रत्यक्षात बदलते. या काळात जवान आणि शेतकरी दोघांनीही प्राण व अवयव गमावले. सुरुंगमुक्त झाल्याची खात्री मिळेपर्यंत त्या जमिनीत नांगर घालता येत नाही. यंत्राची निवड म्हणूनच विकासाचाही विषय ठरते.

यंत्राला काय कळते?

धातुशोधकाच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते आणि कानावर आवाज येतो. यंत्राला सुरुंग कळत नाही, स्फोटकही कळत नाही. कळतो तो केवळ भोवतालच्या क्षेत्रातील फरक.

याचा पहिला धडा १८८१ सालीच मिळाला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र तयार केले. यंत्राचे तत्त्व निर्दोष होते. परंतु पलंगातील पोलादी स्प्रिंगांमुळे आवाज फसवे येत होते. शिवाय तपासणी शरीराच्या उजव्या बाजूपुरतीच करू देण्यात आली. गोळी डावीकडे असल्याचे शवविच्छेदनात आढळले. यंत्राचे अपयश अनेकदा यंत्रात नसून भोवतालात आणि ते वापरणाऱ्यांच्या गृहीतकांत असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

मुख्य यंत्राच्या मर्यादा

सुरुंगाच्या शेतात मुख्य यंत्र तीन कारणांनी अडखळते.

पहिले कारण म्हणजे धातूचे अत्यल्प प्रमाण. अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झालेला एम-१४ हा सुरुंग पाहा. त्याचा व्यास सुमारे ५६ मिलिमीटर, उंची ४० मिलिमीटर आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते. कवच प्लॅस्टिकचे, धातू जवळजवळ केवळ आघातसुईच्या टोकाएवढा. विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्त दुसऱ्या प्रोटोकॉलने व्यक्तिविरोधी सुरुंगातून किमान आठ ग्रॅम लोखंडाएवढा संकेत मिळाला पाहिजे, अशी अट घातली आहे. सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या ओटावा कराराचा भारत सदस्य नाही; मात्र या प्रोटोकॉलला भारताने १९९९ मध्ये मान्यता दिली आहे. परंतु जगभर पूर्वीच पुरून ठेवलेले सुरुंग ही अट कशी पाळणार?

दुसरे कारण माती. कंबोडियातील तांबड्या जांभ्या मातीत लोहाची सूक्ष्म खनिजकणांची भर असते आणि माती स्वतःच यंत्राला उत्तर देऊ लागते. आपल्या कोकणातला जांभा याच जातीचा. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या मातीतही चुंबकीय खनिजे असतात. वाळवंटातील वाळूत उत्तम ठरलेले यंत्र अशा जमिनीवर अखंड कुरकुरत राहते. ते शांत व्हावे म्हणून संवेदनशीलता कमी केली, तर नेमका लहान सुरुंग निसटण्याची भीती.

तिसरे कारण म्हणजे कचरा. जुन्या रणभूमीत गोळ्यांची टरफले, तोफगोळ्यांचे तुकडे, काटेरी तार आणि खिळे विखुरलेले असतात. एका खऱ्या सुरुंगामागे असे शेकडो फसवे इशारे मिळू शकतात. प्रत्येक इशाऱ्यावर माती हलक्या हाताने उकरावीच लागते. वेळ जातो, थकवा येतो, आणि ‘हाही खिळाच असेल’ असे मनाला वाटू लागते. अपघाताची वाट येथूनच सुरू होते.

दुसऱ्या यंत्राचे पर्याय

अशा वेळी पहिल्याच यंत्राची अधिक महाग आवृत्ती घ्यावी, असा मोह होतो. माझे आजचे प्रतिपादन याच्या विरोधात आहे. दुसरे यंत्र पहिल्यापेक्षा सरस असले पाहिजे, असे नाही. पहिले जेथे चुकते तेथे ते चुकता कामा नये. दोघांच्या चुका एकाच ठिकाणी होत असतील, तर दोन यंत्रे मिळूनही आपल्याजवळ एकच यंत्र आहे.

धातुशोधकांतच पाहायचे झाले, तर दोन कुळे आहेत. एका कुळात वेटोळ्यातून अखंड लहरी सोडल्या जातात. ही यंत्रे संवेदनशील असतात आणि प्रतिसादावरून धातूच्या प्रकाराचा काही अंदाजही देतात. परंतु मातीचे समायोजन नीट झाले नाही, तर खनिजयुक्त जमिनीत गोंधळतात. दुसऱ्या कुळात प्रवाहाचे छोटे स्पंद सोडतात आणि स्पंद थांबल्यानंतर विरत जाणारा प्रतिसाद मोजतात. खनिजयुक्त किंवा खारट जमिनीत ही यंत्रे सामान्यतः अधिक स्थिर राहतात. मात्र धातू-धातूंमधील फरक त्यांना कमी कळतो. काही जांभ्या माती स्पंदयंत्रालाही चकवतात, म्हणून प्रत्यक्ष चाचणीवाचून निर्णय करू नये. वेटोळ्याचा आकारही महत्त्वाचा. मोठे वेटोळे खोलवरची मोठी वस्तू पकडते, पण वरच्या थरातील सुईएवढा धातू त्याच्या नजरेतून सुटतो. लहान वेटोळ्याचे नेमके उलट.

धातुशोधकाच्या पलीकडचा पर्याय म्हणजे चुंबकीय शोधक. तो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेला फरक तेवढा टिपतो. खोल रुतलेल्या विमानबॉम्बसाठी तो उपयुक्त; पितळ, अॅल्युमिनियम व प्लॅस्टिक मात्र त्याला दिसत नाही. भूभेदी रडार धातूवर अवलंबून नसते. जमिनीत दडलेल्या वस्तूचा आकार आणि मातीतील खंड त्याला जाणवतो. धातुशोधक आणि रडार एकाच दांड्यावर बसवलेली संयुक्त यंत्रे २००० च्या दशकापासून कंबोडियासारख्या देशांत वापरात आली. परंतु ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर शोषल्या जातात. पावसाळ्यातल्या आपल्या काळ्या जमिनीत ते फार उपयोगी पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

यंत्र नसलेला एक ‘शोधक’ही विसरता येणार नाही. प्रशिक्षित श्वान स्फोटकाचा वास घेतो. खिळ्यांचा कचरा त्याला भुलवत नाही. आपल्या सुरक्षा दलांनी नक्षलग्रस्त भागांत रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकांच्या शोधासाठी श्वानांचा आधार घेतला, तो याचमुळे. आफ्रिकेतील मोठ्या थैलीच्या उंदरांनाही हे काम शिकवण्यात आले आहे. कंबोडियात शंभरहून अधिक सुरुंग व स्फोटके दाखवून देणाऱ्या ‘मगावा’ या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधील एका संस्थेतर्फे सुवर्णपदक देऊन गौरवण्यात आले. प्राणी थकतात, उन्हात त्यांचे लक्ष विचलित होते, दाट झुडपांत त्यांचा उपयोग मर्यादित असतो. तरीही त्यांच्या उणिवा धातुशोधकाच्या उणिवांहून वेगळ्या आहेत, आणि आपल्या दृष्टीने हेच महत्त्वाचे.

‘किंवा’ आणि ‘आणि’

दुसरे यंत्र आले की एक निर्णय आधीच करून ठेवावा लागतो. दोघांपैकी कोणतेही एक वाजले तरी खोदायचे, की दोन्ही वाजली तरच खोदायचे? पहिला नियम ‘किंवा’चा. त्यात सुरुंग निसटण्याची शक्यता घटते, पण फसवे इशारे वाढतात आणि काम मंदावते. दुसरा नियम ‘आणि’चा. त्यात वेग वाढतो. परंतु दुसऱ्या यंत्राने ‘काही नाही’ म्हटले की पहिल्याचा इशारा आपण सोडून देतो. त्या क्षणी दुसरे यंत्र सहायक राहत नाही. एका माणसाच्या पायाची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून नकाराचा अधिकार कोणत्याही यंत्राला सहज देऊ नये. ज्या जातीचे सुरुंग तेथे आहेत, ज्या खोलीवर आहेत आणि जी माती आहे, त्या सर्वांसह पुरेशा चाचण्या झाल्यानंतरच ‘आणि’चा नियम विचारात घ्यावा. तोवर दुसरे यंत्र ‘किंवा’च्या नियमाने वापरावे आणि मंदावलेला वेग सुरक्षिततेची किंमत म्हणून स्वीकारावा.

खरेदीपूर्वी

सरकारी खरेदीत कमीत कमी दराच्या निविदेला महत्त्व असते आणि ते समजण्याजोगेही आहे. पण तांत्रिक अटी लिहिणाऱ्याने आपले काम नेटके केले, तरच स्वस्त निविदा उपयोगाची. उत्पादकाच्या पत्रकातील खोली बहुधा हवेत मोजलेली असते; आपल्याला ती मातीत हवी असते. मानवतावादी सुरुंगनिर्मूलनासाठीच्या धातुशोधकांच्या चाचणीपद्धतीचा युरोपीय दस्तऐवज २००३ मध्येच तयार झाला आहे. त्याचा आधार घेऊन आपल्याच जमिनीत चाचणीपट्टा तयार करावा. तेथे निष्क्रिय नमुने ठरावीक खोलीवर पुरावेत आणि उन्हाळा व पावसाळा अशा दोन्ही ऋतूंत यंत्रे तपासावीत.

आणखी तीन साध्या गोष्टी. दोन्ही यंत्रे जवळ चालवली तर एकमेकांत व्यत्यय आणतात का, हे पाहावे आणि सुरक्षित अंतर ठरवावे. बॅटऱ्या व सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का, याची चौकशी करावी. आणि दुसऱ्या यंत्राचा आवाज पहिल्याहून फार वेगळा असेल, तर प्रशिक्षणाचे दिवस अंदाजपत्रकात धरावेत. दमलेल्या माणसाचा कान सवयीने ऐकतो. रोज कामास आरंभ करण्यापूर्वी ज्ञात नमुन्यावर दोन्ही यंत्रे तपासण्याचा नियम मोडू नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या अशी यंत्रे घडवतील, काही जण ती विकत घेण्याच्या कागदावर सही करतील. त्या वेळी शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाची आठवण ठेवा. ‘जमीन मोकळी झाली’ या एका वाक्यावर विसंबून तो बैल किंवा ट्रॅक्टर आत घालणार आहे, आणि त्याच्यामागून त्याची मुले न्याहारी घेऊन येणार आहेत. यंत्रांची नावे त्याला ठाऊक नसतील, ठाऊक असण्याची गरजही नाही. पहिले यंत्र कोठे चुकते, हे आपण प्रामाणिकपणे शोधले होते का आणि दुसरे त्या जागेसाठीच निवडले होते का, याचे उत्तर मात्र त्या सहीखाली असले पाहिजे.