शेवट गोड करायचाच का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही. पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. पण विज्ञानकथा वाचण्याचा आणि त्यांवरून केलेल्या मालिका पाहण्याचा मला जुना नाद आहे. त्यामुळे विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही. छापील विज्ञानकथा पडद्यावर आणताना काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, एवढेच आज बोलणार आहे.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे अमेरिकेतील 'द ट्वायलाइट झोन'. १९५९ ते १९६४ या काळात तिचे १५६ भाग झाले. दर भागात नवी गोष्ट, नवी पात्रे. मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग याने त्यांपैकी ९२ भाग स्वतः लिहिले. त्याआधी तो वास्तववादी नाटके लिहीत असे. वर्णद्वेषासारखा विषय घेतला की जाहिरातदार घाबरत आणि संहितेला कात्री लागे. तीच गोष्ट परग्रहावर नेऊन ठेवली, की कुणाची हरकत नसे. म्हणजे यानांच्या आणि परग्रहवासीयांच्या आडून तो आपल्याच माणसांबद्दल बोलत होता.

त्याने कथा जशाच्या तशा घेतल्या नाहीत. जेरोम बिक्सबी यांच्या १९५३ मधल्या 'इट्स अ गुड लाइफ' या कथेत अँथनी नावाचा तीन वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या मनात येईल ते घडते. म्हणून अख्खे गाव भीतीपोटी, काहीही झाले तरी, 'छान झाले, छान झाले' म्हणत असते. १९६१ मध्ये त्यावर भाग केला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा झाला. तीन वर्षांच्या पोराकडून एवढे काम करून घेणार कसे? वय बदलले, पण मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावरचे ते खोटे हसू तसेच राहिले. कथेचा जीव त्या हसण्यात होता.

दुसरे उदाहरण डेमन नाइट यांच्या १९५० च्या 'टु सर्व्ह मॅन' या कथेचे. परग्रहावरचे पाहुणे येतात, पृथ्वीवरची भूक आणि युद्धे मिटवतात. त्यांच्याकडच्या एका पुस्तकाचे नाव उलगडते, ते हेच. माणसाची सेवा! शेवटी कळते की ते पाककृतींचे पुस्तक आहे. कथेतले हे पाहुणे बुटके आणि डुकरासारखे दिसणारे आहेत. १९६२ च्या भागात ते चांगले धिप्पाड झाले. कथेत ही बातमी एक मित्र दुसऱ्याला सांगतो. पडद्यावर मात्र नायक यानाच्या पायऱ्या चढत असतो आणि त्याची सहकारी खालून ओरडून ते सांगते. बदल पुष्कळ झाले, पण धक्का तोच.

गंमत म्हणजे ही कथा मराठीत आणायची तर मोठी पंचाईत होईल. इंग्रजीत 'सर्व्ह' म्हणजे सेवा करणे आणि पानात वाढणेही. आपल्याकडे हे दोन्ही एका शब्दात बसत नाही. मी बरेच दिवस डोके चालवले, तेव्हा एक तोडगा सुचला. पुस्तकाच्या नावातली 'मानवसे' इथपर्यंतचीच अक्षरे लागली. पुढे 'वा' असणार, असे सगळ्यांनी धरून चालले. शेवटी कळते की तिथे 'वन' आहे. मानवसेवा नव्हे, मानवसेवन! रूपांतर म्हणजे हेच. शब्द सोडायचे, पण त्यातला काटा शोधून आपल्या भाषेत पुन्हा रोवायचा.

आता काटाच काढून टाकला तर काय होते, ते पाहा. रे ब्रॅडबरी यांची १९५४ ची 'ऑल समर इन अ डे' ही कथा. शुक्र ग्रहावर सतत पाऊस. सूर्य सात वर्षांतून एकदा, थोडाच वेळ दिसतो. पृथ्वीवरून आलेल्या मार्गो या मुलीला सूर्य आठवतो, म्हणून वर्गातली मुले तिचा राग करतात आणि तिला कपाटात कोंडतात. नेमका तेव्हाच सूर्य येतो. सगळी मुले उन्हात मनसोक्त खेळतात. पाऊस परत सुरू झाल्यावर त्यांना तिची आठवण होते. ती मान खाली घालून कपाटाचे दार उघडतात, आणि ब्रॅडबरी तिथेच थांबतात.

१९८२ मध्ये ही कथा दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा पुढे एक प्रसंग जोडला. मुले उन्हात वेचलेली फुले मार्गोला देतात. हेतू चांगला होता. लहान मुलांना पश्चात्ताप दिसावा, थोडा दिलासा मिळावा, असे कुणी म्हणेल तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण फुलांनी हिशेब मिटतो. गेलेला सूर्य परत देता येत नाही, ही बोच पाहणाऱ्याच्या मनातून निघून जाते. वाचणारा ती घरी घेऊन जातो.

हे सगळे परदेशातले झाले. पण हाच प्रश्न उद्या आपल्यापुढे येणार आहे. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपण इंदूरकरांनी तरी वाचलीच पाहिजे. इतिहासाचे एक प्राध्यापक वेगळ्याच जगात जाऊन पोहोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात.

ज्या शहरात मल्हाररावांनी रणांगण का सोडले यावर अजून वाद रंगतात, तिथे या कथेवर भाग करताना मोह कुठला होईल, हे सांगायला नको. घोडदळ, तोफा, जरीपटका, विजय आणि टाळ्या. पण नारळीकरांनी तसे केले नाही. त्या जिंकलेल्या जगातल्या सभेत, भाषणांना कंटाळलेले लोक गंगाधरपंतांचेच पानिपत करतात! आणि शेवटी पंत परततात ते आपल्याच, हरलेल्या जगात. एका गोळीने इतिहास इतका बदलतो, तर आपण ज्याला अटळ म्हणतो ते खरेच अटळ असते का, हा त्या कथेतला काटा. विजयावरच पडदा पाडला तर टाळ्या मिळतील, पण प्रश्न जाईल.

आपली पुढची पिढी हिंदीमुळे देवनागरी सहज वाचते, पण मराठी पुस्तक हाती धरायला कचरते. मंडळाच्या कपाटातल्या कथा तिच्यापर्यंत जातील त्या बहुधा पडद्यावरून किंवा या रंगमंचावरून. तिच्या हाती पडणारी ती एकमेव आवृत्ती असेल. म्हणून जपून.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या उत्सवात एका मराठी विज्ञानकथेची एकांकिका करू या. हक्कदारांची रीतसर लेखी परवानगी घ्यावी. पत्रव्यवहाराची सवय आहे, ते काम माझ्याकडे. पात्रांची वये बदला, गाव बदला, संवादात थोडी इंदुरी मराठी येऊ द्या. फक्त तालमीच्या वेळी कुणी म्हणाले, 'सणाचे दिवस आहेत, शेवट गोड करा', तर त्यांना सांगा की गोडासाठी मोदक आहेतच.

गणपती बाप्पा मोरया!