अर्धे चालणारे इंटरनेट
(भाषणाचा संपादित मजकूर)



थकलेल्या बिलापायी तोडलेली इंटरनेटची जोडणी पैसे भरताच पूर्ववत होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळदा तसे घडतेही. परंतु कित्येक घरांत ती अर्धीच परत येते. डिचोली तालुक्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाचे घर डोळ्यांपुढे आणावे. नोव्हेंबर महिना आहे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा आहे. राउटरचे दिवे हिरवे, नातवाचे यूट्यूब निर्वेध सुरू, आणि आजोबांच्या दाखल्याचे पान मात्र उघडत नाही. मंडळी सरकारी संकेतस्थळाला दोष देऊन मोकळी होतात आणि दिवस सरत जातात. जोडणी पूर्ण बंद असती, तर तक्रार पहिल्याच दिवशी झाली असती!

वस्तुतः काय चालते आणि काय चालत नाही, हीच दोषाची खूण होय. प्रथम तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथे उघडले, तर संकेतस्थळाला बोल लावण्याचे कारण उरत नाही. नंतर घरातील दुसऱ्या उपकरणावर पाहावे. तेथे सर्व सुरळीत असेल, तर दोष पहिल्या उपकरणापुरताच आहे.

संगणक एकमेकांना नावांनी नव्हे, तर अंकांनी ओळखतात. नावावरून अंक शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ साली आखली गेली. बिल थकले असता काही कंपन्या ग्राहकाने कोणतेही पान मागितले, तरी त्यास बिल भरण्याच्या पानाकडेच वळवितात. पुढे हे वळण काढले जाते. तथापि राउटर किंवा संगणक जुने उत्तर काही काळ धरून बसतो. यास्तव दोन्ही बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावेत. बहुतेक तक्रारी येथेच मिटतात.

मात्र बंद करणे म्हणजे विजेचे बटण बंद करणे. राउटरच्या पाठीवरील बारीक छिद्रात टाचणी खुपसणे नव्हे. उत्साही तरुण मंडळी हे हमखास करतात. त्या छिद्रातील बटण दाबून धरले, की कंपनीच्या माणसाने भरलेले वापरनाव, परवलीचा शब्द आणि इतर सर्व योजना पुसली जाते, आणि अर्धे चालणारे इंटरनेट पूर्ण बंद पडते.

दुसरे कारण पत्त्यांचे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात, म्हणून आयपीव्ही६ ही नवी पद्धत आली. गूगल, फेसबुक आदी मोठ्या कंपन्यांनी ६ जून २०१२ पासून ती कायमची स्वीकारली. अनेक लहानमोठी संकेतस्थळे मात्र जुन्याच पद्धतीवर आहेत. जोडणी परत देताना नवा मार्ग तेवढा खुला झाला, तर यूट्यूब चालते आणि इतर पाने अडतात. हा दोष बहुधा कंपनीकडूनच दूर व्हावयाचा असतो.

राउटर नवा बसविला असेल, तर आणखी एक शक्यता राहते. वापरनावाने उघडणाऱ्या जोडणीत माहितीचे एक पुडके १५०० ऐवजी १४९२ बाइटांचेच मावते. राउटरमध्ये हा आकडा चुकला, तर संदेश जातात, पण मोठी पाने अर्ध्यावर अडकतात.

कंपनीस दूरध्वनी करताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नये; पलीकडचा माणूस दिवे विचारतो, दिवे हिरवे असतात आणि तक्रार तेथेच संपते. जोडणी केव्हा परत आली, कोणती पाने उघडतात, कोणती उघडत नाहीत, आणि मोबाइलच्या डेटावर तीच पाने उघडतात, हे क्रमाने सांगून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

आजोबांचा दाखला तोवर अडण्याचे कारण नाही. मोबाइलच्या डेटावरून तो पाठविता येतो. शिवाय २०२० पासून पोस्टमन अल्प शुल्कात घरी येऊन बोटाचा ठसा घेतो व दाखला पाठवितो.