इंग्रजी शब्दाची जात कोठे शोधावी?

इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडताच मराठी विद्यार्थ्याला पहिल्या प्रकरणातच ओळखीची मंडळी भेटतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय या आठ जाती त्याने मराठीच्या तासाला पाठ केलेल्या असतात. येथे त्यांची नावे तेवढी बदललेली दिसतात. साहजिकच येथे नवे शिकावयाचे असे काही नाही, असा त्याचा समज होतो. त्याच्या इंग्रजीतील पुष्कळशा चुकांचे मूळ या समजुतीत आहे.

ही ओळख खोटी नव्हे. यास्काने निरुक्तात पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले. पाणिनीला तर सुबन्त आणि तिङन्त असे दोनच पुरले. आठांचा आकडा आला तो ग्रीकांकडून. रोमन वैयाकरणांनी तो उचलला आणि लॅटिनमध्ये ग्रीकसारखे उपपद नसल्यामुळे रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय बसवून आठांची संख्या कायम राखली. लॅटिनचा हा साचा पुढे इंग्रजीला लावण्यात आला आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून इंग्रजी धर्तीची मांडणी मराठीत रुजली. साचा एक, पण त्यात ओतलेले धातू दोन आहेत.

‘दगड’ हा साधा शब्द घ्यावा. तो नाम आहे. भिंतीचे वर्णन करावयाचे तर मराठीत ‘दगडी’ असे विशेषण घडवावे लागते. कोणावर तो फेकावयाचा तर ‘मारणे’ हे निराळे क्रियापद मदतीला बोलवावे लागते. इंग्रजीत ‘अ स्टोन’ म्हणजे दगड, ‘अ स्टोन वॉल’ म्हणजे दगडी भिंत आणि ‘दे स्टोन द डॉग’ म्हणजे ते कुत्र्याला दगड मारतात. पहिल्या ठिकाणी जो शब्द नाम म्हणून आला, तोच दुसऱ्या ठिकाणी विशेषणाच्या जागी बसला आणि तिसऱ्या ठिकाणी क्रियापद झाला. त्याचे एक अक्षरही हलले नाही.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अशी नव्हती. त्या काळी दगडाला ‘स्टान’, दगडी या अर्थी ‘स्टॅनेन’ आणि दगड मारणे या अर्थी ‘स्टॅनन’ असे तीन स्वतंत्र शब्द होते. नामांना विभक्तीचे प्रत्ययही लागत. पुढील काही शतकांत शब्दांच्या शेवटच्या स्वरांचा उच्चार क्षीण होत गेला, प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम वाक्यातील जागेने पत्करले. म्हणूनच ‘रामाने रावणाला मारले’ याऐवजी ‘रावणाला रामाने मारले’ असे म्हटले तरी मराठीत अर्थ ढळत नाही. पण ‘राम किल्ड रावण’ या वाक्यातील दोन नावांची अदलाबदल केली, तर सारे रामायणच उलटे होते.

बेळगाव, बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथील मराठी मुलाच्या कानावर घराबाहेर कन्नड, गुजराती, हिंदी किंवा तेलुगू पडत असते. परंतु या बाबतीत त्या भाषाही त्याला सावध करीत नाहीत. ‘टेबलावर’ मधील ‘वर’ नामाच्या मागून यावा आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी असावे, ही सवय त्या सर्वांचीच आहे. ‘ऑन द टेबल’ मध्ये संबंध दाखविणारा शब्द आधी येतो, हे त्याला प्रथम इंग्रजीतच भेटते.

वर्गात मात्र व्याख्यांवर भर असतो. क्रिया दाखविणारा शब्द ते क्रियापद, असे मुलाला सांगितले जाते. मग ‘डिस्ट्रक्शन’ म्हणजे नाश. ही क्रिया नव्हे काय? तरीही तो शब्द नाम आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा व्याख्या बाजूला ठेवल्या. टेलिफोनवरील सुमारे पन्नास तासांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून, वाक्यातील एका विशिष्ट रिकाम्या जागी कोणते शब्द बसू शकतात, हे त्यांनी तपासले आणि त्यावरून चार मोठे वर्ग व पंधरा लहान गट ठरविले. त्यांची सारी विभागणी शाळेत आणण्याची गरज नाही. कसोटी मात्र आणण्यासारखी आहे. ‘द’ आणि ‘इज गुड’ यांच्या मधल्या जागेत ‘फूड’, ‘रोड’, ‘आन्सर’ बसतात; ‘वेंट’ बसत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही हे कळते.

शब्दाच्या शेपटीवर विसंबणारा फसतो, याचे एक उदाहरण पुरे. ‘ली’ लागले की क्रियाविशेषण, असे पाठ केलेला तरुण ‘फ्रेंडली’ या विशेषणापाशी अडखळतो, आणि नोकरीच्या अर्जात आपण मेहनत केली हे सांगताना ‘आय वर्क्ड हार्डली’ असे लिहून बसतो. ‘हार्ड’ हेच तेथे क्रियाविशेषण आहे. ‘हार्डली’ चा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’. अर्ज वाचणारा अधिकारी काय समजेल? बिचाऱ्याचे खरे कष्ट एका प्रत्ययाने पुसले जातात.

‘राउंड’ या शब्दाची जात सांगा, असा प्रश्न परीक्षेत वाक्य न देता विचारला, तर त्याला उत्तरच नाही. ‘अ राउंड टेबल’ मध्ये तो विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’ मध्ये नाम, ‘राउंड द कॉर्नर’ मध्ये शब्दयोगी अव्ययाचा इंग्रजी भाऊ आणि ‘टु राउंड द केप’ मध्ये क्रियापद. एखाद्या मुलाने उलट ‘वाक्य कोणते?’ असे विचारले, तर तो उत्तर टाळतो आहे असे शिक्षकाने समजू नये.