दया पुरे, भुलीचं बोला

(बारामतीच्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून जमीन, शिष्यवृत्ती, राखीव जागा ह्यांवर बोलणं झालं. आता माझा विषय कत्तलखाना. तो ऐकून दोन-चार जणांनी नाकं मुरडली, ते मी बघितलं. मुरडा. पण रविवारी पुण्या-मुंबईत तुमच्या घरी अर्धा किलो मटण शिजतं, त्या मटणाला एक मान होती आणि त्या मानेजवळ सुरी घेऊन एक माणूस उभा होता. त्या दोघांबद्दल मी बोलणार आहे.

दयेवर बोलणार नाही, हे आधीच सांगतो. दया ह्या देशात लई स्वस्त आहे. मुंग्यांना साखर घालायची आणि माणसाला पाणवठ्यावरून हाकलायचं, अशी दया आपल्या बापजाद्यांनी पोटभर बघितली. ह्या दयेनं आजवर एका मेंढराचं दुखणं एका सेकंदानं कमी केलेलं नाही. ते कमी होतं विजेनं. एक अँपिअर विजेनं. घरातले 100 वॅटचे दोनेक बल्ब जेवढी वीज ओढतात, साधारण तेवढी. माझं भाषण त्या एका अँपिअरबद्दल आहे.

भूल देणं म्हणजे काय? गळा कापायच्या आधी जनावराची शुद्ध घालवायची, बस्स. मेंढराच्या, बोकडाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटा लावतात आणि मेंदूतून वीज सोडतात. युरोपच्या 2009 च्या नियमात मेंढी-शेळीला कमीत कमी 1 अँपिअर आणि गाई-बैलाला 1.28 अँपिअर लिहिलंय. फेफरं आल्यासारखं जनावर कोसळतं, त्याला काही कळत नाही. पण शुद्ध थोड्या वेळात परत येते, म्हणून 15 सेकंदांच्या आत गळा कापून रक्त काढायचं. मोठ्या जनावराला बोल्टचं पिस्तूल लावतात. त्यातून गोळी सुटत नाही. पोलादी दांडा झटक्यात बाहेर येतो, कपाळाच्या हाडावर बसतो आणि परत आत जातो. 1903 साली जर्मनीत हे हत्यार ज्यानं काढलं तो हुगो हाइस कुणी साधू-संत नव्हता. श्ट्राउबिंग गावच्या कत्तलखान्याचा तो संचालक होता. ज्याला ते काम रोज बघावं लागलं त्यालाच हे सुचलं.

आणि भूल न देता कापलं तर? मेंढराच्या मेंदूला रक्त मिळतं ते गळ्यातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांतून. सुरीला धार असेल, हात सरावाचा असेल, तर काही सेकंदांत त्याची शुद्ध जाते. गाय, बैल, रेडा ह्यांचं तसं नाही. त्यांच्या मानेच्या मणक्यांतूनही मेंदूला रक्त जातं. गळा कापला तरी तो रस्ता चालूच राहतो. म्हणून मोठं जनावर कधी 20 सेकंद, कधी मिनिटभराच्या वर जागं राहतं. मिनिट म्हणजे किती? मी आत्ता एक मिनिट गप्प उभा राहिलो तर तुम्ही खुर्च्या वाजवायला लागाल.

आता आपल्या मुलखात या. बारामती आणि इंदापूर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस, साखर कारखाने आणि दुभती जनावरं. जिथं पोचलं नाही त्या जिरायती भागात धनगराची मेंढरं. आणि दोन्हीकडं ब्रॉयलर कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी. दूध, मेंढरू, कोंबडी. ह्या तिन्ही धंद्यांच्या शेवटी एक सुरी आहे. दुधाची जाहिरात होते, साखरेची होते, सुरीचं नाव कुणी काढत नाही.

दुधाचंच बघा. गाभण राहिल्याशिवाय गाय-म्हैस दूध देत नाही आणि निम्मी वासरं नर होतात. नांगराला ट्रॅक्टर आला, संकरित गोऱ्ह्याला काम उरलं नाही. 2015 साली महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. गाईची बंदी आधीचीच, 1976 च्या कायद्यातली. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं नवी बंदी कायम ठेवली. फक्त बाहेरच्या राज्यातलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा धरू नका म्हणाले. बरं, मग गोऱ्ह्याचं काय झालं? कुठं दूध तोडून उपाशी ठेवलं, कुठं रात्रीचं रस्त्यावर सोडून दिलं. कायद्यानं सुरी थांबवली, उपास थांबवला नाही. उपाशी मरणाऱ्या वासराला भूल देणारं यंत्र अजून निघायचंय.

तर हा झाला दयेचा कायदा. आता भुलीचा कायदा बघा. इंग्रजांनी 1933 साली त्यांच्या देशात, इंग्लंड-वेल्समध्ये, कापण्याआधी भूल सक्तीची केली, धार्मिक कापणीला सूट ठेवून. इथं तेव्हा राज्य त्यांचंच होतं, पण इथल्या जनावरासाठी त्यांना घाई नव्हती. अमेरिकेनं 1958 मध्ये कायदा केला आणि त्यातून कोंबड्या वगळल्या. आपला प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला 1960 साली. त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला 10 ते 50 रुपये! एवढ्यात आज अर्धी कोंबडी येत नाही.

मग 2001 साली कत्तलखान्याचे नियम झाले. कागदावर ते चांगले आहेत, मी नावं ठेवत नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. गाभण जनावर कापायचं नाही. डॉक्टरनं तासाला 12 आणि दिवसाला 96 च्या वर जनावरं तपासायची नाहीत. आणि भूल देण्यासाठी वेगळी जागा करायची. कधी? तर ‘शक्य तितक्या लवकर’. दोस्तांनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. जमीन शक्य तितक्या लवकर, अनुशेष शक्य तितक्या लवकर, नळ शक्य तितक्या लवकर. सरकारी कागदात हे तीन शब्द आले की समजायचं, पुढची पिढी मोर्चा काढणार.

ह्याच नियमात आणखी एक मेख आहे. दिवसाला 10 किंवा जास्त जनावरं कापली जातात आणि परवाना आहे, तोच कत्तलखाना. आणि नगरपालिकेच्या हद्दीत अशा कत्तलखान्याबाहेर कापायचं नाही. म्हणजे दिवसाला दोन बोकडं कापून पोट भरणाऱ्या गावच्या खाटकाला कायद्यानं काय दिलं? जागा दिली नाही, चिमटा दिला नाही, शिकवलं नाही. फक्त गुन्हेगार व्हायची सोय करून दिली. हप्ता घेणाऱ्याला ह्यापेक्षा चांगला नियम कोण लिहून देईल?

मी स्वतः दोन वर्षं जिल्ह्याबाहेरच्या एका मांस कारखान्यात लाइनवर होतो. रेड्यांचं काम. आम्ही सगळे ठेकेदाराचे, हजेरी त्याच्या वहीत, कारखान्याच्या वहीत आमचं नाव नाही. एक गोष्ट तिथं बघितली ती सांगतो. रेड्याचं कपाळ गाईसारखं नसतं. हाड जाड आणि आत पोकळी मोठी. युरोपातल्या गाईच्या मापाचं पिस्तूल नेहमीच्या जागी लावलं तर दांडा मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यासाठी लांब दांडा लागतो, नाहीतर शिंगांच्या मागची जागा धरावी लागते. हे शास्त्रज्ञांनी अभ्यासून छापलेलं आहे. आम्हाला कुणी सांगितलं नाही. पिस्तूल धरायला दिलं, तीच आमची शाळा. मग काय होतं? अर्धवट शुद्धीतलं पाच-सहाशे किलोचं जनावर लाथ मारतं. माझ्या शेजारच्या पोराचं मनगट तसंच मोडलं. ठेकेदारानं त्याची हजेरी मांडली अर्ध्या दिवसाची.

इथं माझा मुद्दा आहे, नीट ऐका. रेड्याचं दुखणं आणि त्या पोराचं मनगट ही दोन प्रकरणं नाहीत. लाइनचा वेग, मोडकं हत्यार, न शिकवलेला हात. ह्याच तीन गोष्टींनी दोघांचं वाटोळं होतं. जिथं भूल नीट बसते तिथं जनावर पडतं, तालावर चालणारा श्वास थांबतो, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावलं तरी पापणी हलत नाही, उठायची धडपड होत नाही. तिथं माणूसही सुरक्षित असतो. टेंपल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन बाईनं कत्तलखाने मोजायची साधी पद्धत बसवली. पहिल्याच फटक्यात 100 पैकी किती पडली, ते मोजा. 95 च्या खाली आलात तर नापास. प्रवचन नाही, मोजणी! मोजणी झाली की मालकाला हत्यार दुरुस्त करावं लागतं आणि माणूस शिकवावा लागतो.

मालकाला माणुसकी कळत नसेल तर नफ्याची भाषा कळेल. जनावर मरायच्या आधी दमलं, भेदरलं की अंगातली साखर जळून जाते. मग मांसाचा पीएच 7 वरून 5.5 च्या आसपास उतरायचा तो वरच राहतो. मांस काळपट, कोरडं पडतं, लवकर नासतं. जनावराची भीती मालकाच्या गल्ल्यातही उतरते.

आता काही जण हळूच म्हणतील, भूल न देणारे ते ‘दुसरे’ आहेत. हा डाव ओळखा. भूल ह्या शब्दाची काठी करून मुसलमान कसायाला बडवायचं, हा धंदा जोरात आहे. उत्तर पाठ करून ठेवा. डोक्याला चिमटा लावून दिलेली भूल उलटणारी असते. कापलं नाही तर जनावर उठून उभं राहतं, म्हणजे कापताना ते जिवंत असतं. म्हणून अनेक मुस्लिम संस्थांनी ती हलाल मानली आहे. न्यूझीलंडची मेंढरं अशीच भूल देऊन हलाल होतात आणि जगभर जातात. बोलायचं तर कसायाबरोबर बसून बोला, त्याच्या दारात दगड घेऊन नको. आणि आपल्या जत्रेतलं बोकड कोणती भूल घेऊन मरतं, तेही त्याच बैठकीत विचारा. 1960 च्या कायद्याचं 28 वं कलम धर्माच्या रीतीनं मारायला सूट देतं. ती सगळ्यांच्याच धर्मांना आहे.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढणं सोडा, त्याचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं. आपल्या लोकांनी ऐकलं. 2016 साली गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना भर बाजारात फोडलं. ढोराच्या कामाला जात चिकटवली ती ह्या देशानं. ते काम आता कारखान्यात गेलं. जात ठेकेदाराच्या वहीत गेली. आतडी धुणारा, रक्त लोटणारा, कातडं ओढणारा कोण असतो, ते कुठल्याही लाइनवर जाऊन बघा. कुणीही हे काम करावं, पण हुनर म्हणून, पगारावर, शिकून. जन्माची शिक्षा म्हणून कुणीच नाही.

म्हणून मागण्या. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत 18 वा विषय कत्तलखाने आणि चामडे कमावण्याचे कारखाने हा आहे, म्हणजे तो नगरपालिकेच्या कामात बसतो. तेव्हा मुंबई-दिल्लीकडं तोंड करायची गरज नाही. बारामती आणि इंदापूर, दोन्ही नगरपालिकांच्या दारात जायचं.

एक : लहान खाटकांना वापरता येईल असा, भुलीच्या वेगळ्या जागेसह, पाणी आणि गटार असलेला सार्वजनिक कत्तलखाना.

दोन : खाटीक, कसाई आणि कोंबडीच्या दुकानातली पोरं ह्यांना पगारी प्रशिक्षण. हैदराबादला 1999 पासून मांसाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथली माणसं इथं आणा, मराठीतून शिकवा.

तीन : रेड्यासाठी रेड्याच्या मापाचं हत्यार.

चार : भूल देणारा माणूस कायम नोकरीवर. ठेकेदार बंद.

पाच : दर महिन्याला मोजणी. 100 पैकी किती पडली, आणि किती कामगार जखमी झाले. दोन्ही आकडे एकाच फळ्यावर, दारात, मराठीत.

ह्यातलं एकही कलम कुणाच्या दयेवर चालत नाही. ज्याला मांस खायचं नाही त्यानं खाऊ नये, त्याच्याशी माझं भांडण नाही. जो खातो त्यानं मात्र त्या एका अँपिअरचा आणि पिस्तूल धरणाऱ्या हाताच्या पगाराचा हिशेब मागितला पाहिजे. पुढच्या सोमवारी सकाळी 11 वाजता अर्ज घेऊन आपण बारामतीच्या नगरपालिकेत जातोय. ‘शक्य तितक्या लवकर’ असं उत्तर मिळालं तर तारीख लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

जय भीम!