गुडघ्यातलं जाळं

जिना उतरताना पायरीगणिक गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. तरी तिथल्या कूर्चेतल्या पेशी चिरडल्या जात नाहीत, कारण त्यांचं संरक्षण त्यांच्या बाहेर असतं. कूर्चेत पेशी अगदी थोड्या. बाकी सगळं त्यांनीच विणलेलं प्रथिनांचं जाळं आणि त्यात धरलेलं पाणी. कोलॅजनचे तंतू दोरखंडासारखे ताण सोसतात, तर ॲग्रिकन हे प्रथिन पाणी ओढून धरतं. भार पडला की हे पाणी सावकाश सरकतं, भार उतरला की परत येतं. शिवाय प्रत्येक पेशीभोवती सहाव्या प्रकारच्या कोलॅजनचं पातळ, मऊ वेष्टन असतं.

कुणी म्हणेल, हे तर नुसतं निर्जीव भरताड! पण हेच सहावं कोलॅजन स्नायूंतही असतं; ते ज्यांच्यात तयार होत नाही अशा उंदरांच्या स्नायूंत पेशींची ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडतात आणि पेशी मरतात. माणसांतही त्याच्या जनुकदोषाने स्नायू दुबळे होतात. म्हणजे जाळं धक्का झेलतं, तसंच पेशीला तगून राहायला मदतही करतं. मग हे जाळं जपायला गुडघ्याला सदा विश्रांतीच द्यावी का? तसंही नाही. मज्जारज्जूच्या इजेमुळे पाय लुळे पडलेल्यांची कूर्चा पातळ होत जाते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. पाण्याच्या ये-जा करण्याने पेशींना पोषण पोहोचायला मदत होते. अति भाराने जाळं फाटतं हे खरं, पण बेताचा, नियमित भार मिळाला तर पेशी त्याची निगा राखत राहतात.